ऐकणाऱ्याचा विनोद

ऑगस्ट २०२० मध्ये यशराज मुखाटे यांची एक छोटी चित्रफीत घराघरांत पोचली. 'साथ निभाना साथिया' या हिंदी मालिकेतला एक जुना प्रसंग, त्यातल्या सासूबाईंचा दरडावणीचा आवाज आणि त्या आवाजाखाली बेमालूम बसवलेला ठेका, एवढाच तिचा ऐवज. पण बघता बघता 'रसोडे में कौन था' हा प्रश्न लोक एकमेकांना चालीत विचारू लागले. मालिका ज्यांनी कधी पाहिली नव्हती तेही विचारू लागले. चित्रफीत करणारा तरुण तेव्हाच्या औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. इंजिनिअरिंग शिकलेला आणि वयाने पंचविशीच्या आतला. 'आपल्या गावचा पोरगा' म्हणून आमच्याकडे पडेगावातही त्याचं कौतुक झालं. चहाच्या टपरीवर झालं, घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झालं.

त्या कौतुकाचा सूर मात्र बहुतेक वेळा 'पोराचं नशीब फळफळलं' असाच होता. जणू लॉटरीचं तिकीट लागलं. ही समजूत दूर व्हावी यासाठी मी ही प्रस्तावना लिहीत आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की मुखाटे यांचा विनोद हा ऐकणाऱ्याचा विनोद आहे. माणसाच्या बोलण्यात जो सूर आणि जो ताल मुळातच असतो, तो त्यांना आपल्याआधी ऐकू येतो आणि आपल्यालाही ऐकू यावा अशी तजवीज ते करतात. आपण हसतो ते तो सूर ओळखीचा निघाला म्हणून. या पुस्तकात त्यांच्या वाटचालीचा क्रमवार विचार आहे. त्याआधी हे कसब कुठून येतं आणि कुठल्या परंपरेत बसतं, हे वाचकापुढे ठेवावंसं वाटतं.

पहिल्यांदा तो काळ आठवायला हवा. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. मालिकांचं चित्रीकरण थांबलं, वाहिन्या जुने भाग पुन्हा दाखवू लागल्या, दूरदर्शनवर 'रामायण' परत आलं. घरात अडकलेला प्रेक्षक आठ-दहा वर्षांपूर्वीच्या मालिका नव्या नजरेनं बघत होता. २९ जूनला केंद्र सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि गावोगावच्या हौशी कलावंतांचं व्यासपीठ एका रात्रीत गेलं. ८ जुलैला इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केलं. म्हणजे ऑगस्टमध्ये प्रेक्षक होता, त्याच्याकडे वेळ होता, आणि छोट्या चित्रफितींसाठी नवं दालन नुकतंच उघडलं होतं. ही परिस्थिती सगळ्यांनाच सारखी होती. फायदा झाला तो ज्याची तयारी आधी झाली होती त्याचा. मुखाटे त्यापूर्वीपासून गाणी करत होते, वाजवत होते, संवादांना चाली लावून बघत होते. प्रसिद्धी अचानक आली, पण ती आली तेव्हा हात तयार होता.

आता तो मूळ प्रसंग जरा जवळून पाहू. मालिका २०१० मध्ये सुरू झालेली. सून गोपी कुकरमध्ये चणे शिजायला ठेवते, कुणीतरी चणे काढून घेतं आणि रिकामाच कुकर गॅसवर चढवतं. सासू कोकिलाबेन चौकशीला उभी राहते. कोकिलाबेन म्हणजे रूपल पटेल, गोपी म्हणजे जिया मानेक आणि जिच्यावर शेवटी बोट रोखलं जातं ती राशी म्हणजे आपली मराठी अभिनेत्री रुचा हसबनीस. रूपल पटेल यांची संवादफेक नीट ऐका. त्या वाक्य सलग बोलत नाहीत. शब्द सुटा करतात, शेवटच्या अक्षरावर भार टाकतात आणि स्वयंपाकघरात कोण असू शकतं याची शक्यता एकेक करून तपासतात. प्रत्येक प्रश्नात क्रियापद तेच, त्याची जागा तीच. माणूस तेवढा बदलतो. त्यामुळे यमक आपोआप जुळतं आणि मात्राही जवळजवळ सारख्या पडतात.

टीव्हीपुढे बसलेल्या लाखो लोकांनी हा प्रसंग पाहिला होता, पण त्यातला छंद मुखाटे यांनी पकडला. त्यांनी एकही नवा शब्द घातला नाही. सुरुवातीचे प्रश्न बाईंच्या तोऱ्यासकट ठेवले, त्यांच्याखाली सुरावट सरकवली, ठेका हळूहळू चढवत नेला आणि राशीचं नाव आलं तसं ते धृपदासारखं धरून ठेवलं. घरातल्या एका क्षुल्लक गुन्ह्यातल्या आरोपीचं नाव गाण्याचा मुखडा झालं. पडद्यावर ते स्वतःही दिसतात, ते वाजवण्यात रंगलेले. मूळ प्रसंगाची टर उडवण्याचा आव त्यांच्या चेहऱ्यावर नाही. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. गाणं गाण्यासारखंच मनापासून केलेलं आहे आणि म्हणूनच ते हसवतं.

हे सगळं संगणक करतो, असं अनेकांना वाटतं. आवाजाची पट्टी दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये बाजारात आलं आणि आज तशी साधनं कुणाच्याही लॅपटॉपवर मिळतात, हे खरंच आहे. पण साधन निर्णय घेत नाही. गायक षड्ज लावतो तेव्हा तो काही काळ टिकतो. बोलणारा माणूस मात्र एकाच अक्षरात दोन-तीन स्वर ओलांडून जातो. बोलण्यातला स्वर सतत घसरत किंवा चढत असतो. म्हणून प्रत्येक अक्षराला कुठल्या स्वरावर थांबवायचं, हे करणाऱ्याला ठरवावं लागतं. निवड चुकली की आवाज यंत्राचा होतो आणि माणूस हरवतो. निवड बरोबर आली की वाटतं, बाई मुळात गातच होत्या.

लयीचंही तसंच. रागात बोलण्याचा वेग वाढतो, श्वास घ्यायला तो अडतो, दम देताना मुद्दाम रेंगाळतो. ही अक्षरं कापून, किंचित ताणून, दोन शब्दांमधली शांतता कमी-जास्त करून समेवर आणावी लागतात, आणि तरीही उच्चार मोडता कामा नये. त्यानंतर येतात कॉर्ड्स. एकाच वाक्याखाली मंद, उदास कॉर्ड्स घातल्या तर तेच वाक्य विरहाचं वाटेल. खालून जोरकस बेस आणि ड्रम आले तर त्यावर पाय थिरकतील. मुखाटे यांचा विनोद पुष्कळदा या ठिकाणी घडतो. वरच्या आवाजात राग, तक्रार किंवा साधा व्यवहार असतो आणि खालचं संगीत त्याला उत्सवाला घेऊन जातं. या दोन पातळ्यांमधलं अंतर किती ठेवायचं याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. अंतर फार झालं तर थट्टा वाटेल, कमी पडलं तर गंमतच येणार नाही.

बोलणं गाणं कसं होतं, याचा शास्त्रानंही शोध घेतला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधक डायना डॉइच १९९५ मध्ये स्वतःच्याच निवेदनाचं ध्वनिमुद्रण तपासत होत्या. त्यातला एक तुकडा पुन:पुन्हा वाजत राहिला आणि काही वेळानं त्यांना तो बोललेला नव्हे, गायलेला ऐकू येऊ लागला. आवाजात काडीचाही बदल केलेला नव्हता. केवळ पुनरावृत्तीनं कानानं आपली भूमिका बदलली. अर्थ बाजूला ठेवून तो सुराकडे लक्ष देऊ लागला. रील तर संपलं की आपोआप पुन्हा सुरू होतं. मुखाटे यांची गाणी लोकांच्या ओठांवर इतकी पक्की बसली, त्यात या पुनरावृत्तीचा मोठा वाटा असावा, असं मला वाटतं.

संगीतकारांना ही गोष्ट फार आधीपासून माहीत होती. चेक संगीतकार लेओश यानाचेक कित्येक वर्षं वहीत माणसांच्या बोलण्याचे स्वर टिपून ठेवत असे. बाजारातले, रस्त्यावरचे, घरातले. १९०३ मध्ये त्याची मुलगी ओल्गा मृत्युशय्येवर होती, तेव्हा तिचे उद्गारही त्यानं स्वरलिपीत उतरवून घेतले. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यानं १९८८ च्या 'डिफरंट ट्रेन्स' या रचनेत नाझी छळातून वाचलेल्या माणसांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण घेतलं आणि त्यांच्या बोलण्यातले स्वर तंतुवाद्यांकडून वाजवून घेतले. म्हणजे बोलण्यातल्या सुराचा उपयोग शोकासाठीही झालेला आहे. विनोद हे त्याचं एक रूप झालं. मुळात आहे तो माणसाच्या आवाजाविषयीचा आदर.

आपल्याकडे या कामाची मुळं शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या पडेगावावरून जाणारा रस्ता पुढे दौलताबाद आणि खुलताबादला जातो. खुलताबादला चौदाव्या शतकातले चिश्ती संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे आणि समा, म्हणजे सूफी गायनाच्या मैफलीविषयीची त्यांची ओढ प्रसिद्ध आहे. कव्वालीत एकच ओळ, कधी एकच शब्द, पुन:पुन्हा घोळवला जातो आणि प्रत्येक आवर्तनात तो नवा होत जातो. शहराच्या दुसऱ्या अंगाला, गोदेकाठी, पैठण. तिथल्या एकनाथांनी भारुडं लिहिली. वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू चावलेला माणूस, संसाराला कावलेली बाई असे रोजचे आवाज त्यांनी गाण्यात आणले. लोक हसता हसता ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता विचारात पडले. रस्त्यावरचं बोलणं गाण्याच्या योग्यतेचं आहे, हा विश्वास मराठीत सोळाव्या शतकापासून आहे आणि त्याचा एक पत्ता मराठवाड्यातला आहे.

विसाव्या शतकात हा धागा रंगमंचावर दिसतो. पु. ल. देशपांडे पेटीही वाजवत, चालीही लावत आणि माणसांच्या बोलण्याच्या लकबी हुबेहूब उभ्याही करत. १९५३ चा 'गुळाचा गणपती' तर 'सबकुछ पु. ल.' म्हणूनच ओळखला जातो. आमच्याच शहरात मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा एकट्यानं उभ्या केल्या. ना नेपथ्याचा थाट, ना वेशभूषेचा. माणसामाणसाच्या बोलण्यातला हेल हेच त्यांचं भांडवल होतं. कोण कुठल्या गावचा, कोण कुणावर रुसलेला, हे त्या हेलावरून प्रेक्षकाला कळायचं. सर २००९ मध्ये गेले. एका खोलीत बसून स्वतःच वाजवणारे, स्वतःच आवाज जुळवणारे आणि स्वतःच चित्रफीत जोडणारे मुखाटे मला या एकपात्री घराण्यातले वाटतात. साधनं बदलली, कानावरची भिस्त तीच राहिली.

या शहराच्या कानाविषयीही थोडं बोलायला हवं. इथं मराठी आणि दखनी हिंदी एकाच वाक्यात नांदतात. भाजीवाल्याशी एका भाषेत सुरू झालेला भाव दुसऱ्या भाषेत तुटतो. वली दखनी आणि सिराज औरंगाबादी यांच्या शायरीचं हे गाव आणि मराठवाड्याच्या तमाशाचं, भजनी मंडळांचं, लग्नाच्या बँडचंही हेच गाव. इथं वाढणाऱ्या मुलाला वेगवेगळ्या भाषांचे हेल फुकटात मिळतात. मुखाटे यांच्या पुढच्या गाण्यांत पंजाबी लहेजा आला, सीमेपलीकडचं उर्दू-इंग्रजी आलं, दिल्लीचं दुकानी बोलणं आलं. त्या प्रत्येकाचा बाज त्यांनी सांभाळला. अशा शहरातून आलेल्या माणसाला हे जमावं, यात मला संगती दिसते.

ती पुढची गाणी महत्त्वाची आहेत, कारण एकदा गाजणं आणि टिकणं यांत फरक आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी 'बिग बॉस'च्या तेराव्या पर्वातल्या शहनाज गिल यांच्या एका तक्रारीवरून 'त्वाडा कुत्ता टॉमी' केलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाकिस्तानातल्या दनानीर मुबीन या तरुणीच्या काही सेकंदांच्या चित्रफितीवरून 'पावरी हो रही है' आलं. दोन देशांमधलं राजकीय वातावरण थंडगार असताना ही ओळ दोन्हीकडे एकाच वेळी गायली गेली. पोलीस दलांनीही नागरिकांना सूचना देण्यासाठी तिचा आधार घेतला. २०२३ मध्ये दिल्लीच्या जस्मीन कौर या कपडे विकणाऱ्या बाईंचं 'जस्ट लुकिंग लाइक अ वाव' त्यांनी गाण्यात आणलं. हातातल्या कापडाच्या रंगांचं त्या करत असलेलं वर्णन मुळातच तालात होतं. आपला माल मनापासून आवडणाऱ्या विक्रेतीचा तो आनंद गाण्यातही तसाच उरला.

इथं एक प्रश्न टाळून चालणार नाही. दुसऱ्याच्या आवाजावर आपण हसतो, तेव्हा त्या माणसाचं काय होतं? अमेरिकेत ग्रेगरी ब्रदर्स या मंडळींनी २००९ पासून बातम्यांमधल्या बोलण्यावर गाणी करायला सुरुवात केली. २०१० मध्ये अलाबामा राज्यातल्या अँटॉइन डॉडसन या तरुणाची टीव्हीवरची मुलाखत त्यांनी गाण्यात बसवली. त्याच्या बहिणीवर घरात घुसलेल्या माणसानं हल्ला केला होता आणि तो संतापून बोलत होता. गाणं तुफान गाजलं, बिलबोर्डच्या यादीत पोचलं. ग्रेगरी ब्रदर्सनी त्याला श्रेय दिलं, उत्पन्नातला वाटाही दिला. तरी एका गरीब कुटुंबाच्या वेदनेवर जग हसलं, ही टोचणी त्या गाण्याला कायमची चिकटली.

या पार्श्वभूमीवर मुखाटे यांची निवड तपासली, तर त्यांचं पारडं मला जड वाटतं. त्यांची गाजलेली गाणी बहुतांशी अशा आवाजांवर आहेत जे आधीच लोकांसमोर सादर झालेले होते: मालिकेतला अभिनय, वाहिनीवरचा कार्यक्रम, स्वतः गंमत म्हणून टाकलेली चित्रफीत, ग्राहकांसाठी केलेलं वर्णन. शहनाज गिल यांच्या बाबतीत मात्र मी थोडा थबकतो, कारण ती तक्रार दुखावलेल्या मनाची होती. पण गाण्यानं त्या बोलण्यातला रोख कापला नाही, बोलणारीला खुजं केलं नाही. आणि पुढे 'बोरिंग डे' या गाण्याच्या वेळी त्या स्वतः मुखाटे यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. रूपल पटेल यांनीही 'रसोडे'चं मोकळेपणानं कौतुक केलं. त्या गाण्यानं जुन्या मालिकेची आठवण इतकी ताजी झाली, की ऑक्टोबर २०२० मध्ये 'साथ निभाना साथिया'चं दुसरं पर्व सुरू झालं आणि कोकिलाबेन पुन्हा पडद्यावर आल्या. ज्याचा आवाज घेतला त्याची प्रतिष्ठा वाढली की कमी झाली, ही माझ्या मते या कलेची खरी कसोटी आहे. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं ती स्वतःला लावून घ्यावी. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे कुणाच्याही तोंडी काहीही गाणं घालता येतं. अशा वेळी माणसानं खरोखर जे उच्चारलं तेवढ्यावरच काम करण्याची शिस्त अधिकच मोलाची ठरते.

राहिला उपजीविकेचा प्रश्न. इंजिनिअरिंगची पदवी असलेल्या मुलानं संगीतात पडावं, हा निर्णय आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात सहजासहजी होत नाही. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठून स्टुडिओंचे उंबरे झिजवावे लागत, कुणाची तरी ओळख लागत असे. ऑनलाइन माध्यमानं ओळखीची ती अट सैल केली, पण नवी ओझी आणली. दर आठवड्याला नवं काहीतरी हवं, लोकांचं लक्ष दोन दिवसांत दुसरीकडे वळतं, आणि ज्या प्रकारानं नाव झालं त्याच प्रकारात अडकून पडण्याचा धोका असतो. मुखाटे यांनी संवादगीतांबरोबर स्वतंत्र गाणी केली, जाहिरातींसाठी काम केलं, सहकलावंतांना बरोबर घेतलं. त्यांची स्वतंत्र गाणी संवादगीतांइतकी दूरवर गेली नाहीत, हे मान्य करायला हवं. पण त्या दोन्हींमागे एकच कान आहे, आणि वाचकानं ती गाणी ऐकल्याशिवाय या संगीतकाराविषयी मत बनवू नये, असा माझा आग्रह आहे.

मराठीत विनोदी लेखनाची समीक्षा झाली, नाट्यसंगीताची झाली, लोककलांचीही झाली. फोनच्या पडद्यावर जन्मलेल्या कलेकडे मात्र आपले अभ्यासक अजून करमणुकीची किरकोळ बाब म्हणून बघतात. भारुडाकडे, तमाशाकडे, सोंगाड्याकडेही आपण कित्येक वर्षं असंच बघितलं होतं. जाग आली तोवर बरंच काही नोंदवायचं राहून गेलं होतं. ऑनलाइन काम तर त्याहून नाजूक आहे. खातं बंद झालं, मंच बदलला, की ते दिसेनासं होतं. म्हणून कलावंत तरुण असताना, त्याचं काम चालू असताना, त्याची नीट नोंद घेणारं हे पुस्तक मला गरजेचं वाटतं.

वाचकाला एकच विनंती. प्रत्येक प्रकरणाआधी ते गाणं एकदा ऐका, मग त्यामागचं मूळ बोलणं, संगीताशिवाय, दोन-तीनदा ऐका. तिसऱ्या खेपेला त्यातला सूर तुमचा तुम्हालाच सापडू लागेल, आणि मग घरातल्या माणसांच्या बोलण्यातही तो ऐकू येईल. इतकं झालं तरी या पुस्तकाचं आणि ज्याच्यावर ते लिहिलं आहे त्या कलावंताचं काम झालं, असं मी समजेन.

पडेगाव,
छत्रपती संभाजीनगर